स्वस्तातला स्कूबा रेग्युलेटर घेताना: आधी मेकॅनिक शोधा, मग मॉडेल

मालवणला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला जाऊन, प्रशिक्षकाने मागून सिलिंडर धरून पंधरा-वीस मिनिटं मासे दाखवले, एवढाच अनुभव गाठीशी असेल तर रेग्युलेटर घ्यायचा विषय तूर्त बाजूला ठेवा. हा लेख ज्यांचा ओपन वॉटर कोर्स झाला आहे, म्हणजे जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत उतरायची ज्यांना परवानगी आहे, आणि ज्यांना भाड्याच्या रेग्युलेटरच्या चावून चावून फाटलेल्या माउथपीसचा कंटाळा आला आहे, त्यांच्यासाठी आहे.

त्यातही वर्षाला दहा-बारापेक्षा कमी डाइव्ह होत असतील तर भाड्याचाच वापरा. आधी चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्या, मग डाइव्ह कॉम्प्युटर. रेग्युलेटरचा नंबर तिसरा. कारण तो घेऊन खर्च संपत नाही, तिथून सुरू होतो.

आत नेमकं काय असतं

स्वयंपाकघरातल्या गॅसच्या टाकीवरचा रेग्युलेटर जे करतो तेच काम इथेही आहे: टाकीतला जास्त दाब वापरण्याजोगा करायचा. फरक आकड्यांचा. भरलेल्या डायव्हिंग सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन. हा दाब दोन टप्प्यांत उतरवतात. सिलिंडरच्या तोंडावर बसतो तो पितळी गोळा म्हणजे फर्स्ट स्टेज. तो २०० बारचा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बारने जास्त, इतका खाली आणतो. हा मधला दाब. तोंडात धरतो ती सेकंड स्टेज. तिच्यातला रबरी पडदा तुम्ही श्वास ओढलात की आत खेचला जातो, एक तरफ दाबतो आणि त्या क्षणी लागेल तेवढीच हवा सोडतो.

कूस्तो आणि गान्याँ यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये मागणीनुसार हवा देणारं यंत्र पाण्याखाली वापरात आणलं. तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. म्हणूनच नावाजलेल्या कंपनीचा सगळ्यात स्वस्त रेग्युलेटरसुद्धा आपल्या उबदार, उथळ पाण्यात व्यवस्थित चालतो. स्वस्त म्हणजे कमकुवत असं इथे नसतं. स्वस्त म्हणजे आत कमी भाग, कमी पोर्ट (नळ्या जोडायच्या जागा), कमी झगमगाट.

सर्व्हिस कोण करणार, हे आधी

नवशिके मॉडेलांची तुलना करत बसतात आणि हा प्रश्न शेवटी विचारतात. क्रम उलटा हवा. रेग्युलेटर ठरावीक काळाने पूर्ण उघडून, साफ करून, आतल्या ओ-रिंग (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या) आणि सीट (व्हॉल्व्हचं तोंड बंद करणारी चकती) बदलून घ्यावा लागतो. कंपनीनुसार हा काळ एक किंवा दोन वर्षं, नाहीतर सुमारे १०० डाइव्ह, जे आधी होईल ते. त्यासाठी त्याच मॉडेलचा सर्व्हिस किट लागतो, आणि तो किट सहसा अधिकृत तंत्रज्ञालाच मिळतो.

म्हणून तुम्ही जिथे जास्त डायव्हिंग करता तिथल्या दोन-तीन सेंटरना आणि मुंबई, पुणे, गोव्यातल्या विक्रेत्यांना हे चार प्रश्न विचारा: कोणत्या ब्रँडची सर्व्हिस तुम्ही स्वतः करता? या मॉडेलचा किट आत्ता हाताशी आहे का? फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज आणि ऑक्टोपस (अडचणीत जोडीदाराला द्यायची जादा सेकंड स्टेज) मिळून किट आणि मजुरी किती? किती दिवसांत परत मिळेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना लक्षात ठेवा की सर्व्हिस एका वस्तूची नसते, तिघांची असते. तीन किट, तीन मजुऱ्या. "इथून बाहेर पाठवावा लागतो, दोन महिने धरा" असं उत्तर आलं तर तो रेग्युलेटर कितीही स्वस्त मिळत असला तरी सोडा. किंमत अशी मांडा: खरेदी अधिक पाच वर्षांतल्या सर्व्हिस. पुष्कळदा दहा टक्के महाग पण जवळ सर्व्हिस होणारा ब्रँड शेवटी स्वस्त पडतो.

परदेशातून कोणी येणार म्हणून तिकडून मागवण्याचा मोह असतो. तिथे नावाजलेल्या कंपनीच्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या फर्स्ट आणि सेकंड स्टेजची जोडी साधारण दोनशे ते साडेतीनशे डॉलरला मिळते. त्यात ऑक्टोपस, गेज आणि सीमाशुल्क मिळवून मग इथल्या भावाशी ताडून बघा. वॉरंटी भारतात चालते का, तेही लेखी विचारा. "सुटे भाग आयुष्यभर मोफत" अशा योजनाही असतात, पण त्यातली एक सर्व्हिस चुकली की योजना संपते आणि मजुरी तर पहिल्यापासून तुमचीच. पावत्या जपा.

योक की डिन

सिलिंडरला जोडायच्या दोन पद्धती. योक म्हणजे पंज्यासारखी पकड, मागून स्क्रू आवळायचा. ओ-रिंग सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये असते. डिनमध्ये रेग्युलेटरच व्हॉल्व्हच्या आट्यांत फिरवून बसवतात. ओ-रिंग रेग्युलेटरवर असते. डिनमध्ये ओ-रिंग सगळीकडून बंदिस्त राहते, त्यामुळे ती निसटून हवा सुटायचा धोका कमी.

मालवण, तारकर्ली, गोवा, मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी, अंदमान इथे बहुतेक ठिकाणी ११ लिटरचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर आणि योकचा व्हॉल्व्ह हेच गणित असतं. इथेच डायव्हिंग करणार असाल तर योक घ्या आणि पुढे जा. जर्मनी किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी मात्र डिन घ्यावा आणि सुट्टीत इकडे येताना डिनवर चढवायचा योक अडॅप्टर बरोबर आणावा. काही व्हॉल्व्हमध्ये मधली चकती ॲलन कीने काढली की डिन बसतो, पण समुद्रकिनाऱ्यावरच्या सिलिंडरमध्ये ती वर्षानुवर्षं न काढल्याने गंजून घट्ट झालेली असते. बोटीवर तिच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही.

योक घेणाऱ्याने व्हॉल्व्हच्या मापाच्या चार-पाच ओ-रिंग खिशात ठेवाव्यात, कडक रबराच्या, ९० ड्युरोमीटरच्या. नेहमीचं माप ०१४ आहे. नळाच्या वॉशरच्या दुकानातली मऊ रिंग दिसायला तीच असते. २०० बारला ती बाहेर फुगून येते आणि फाटते.

पिस्टन, डायफ्राम आणि "बॅलन्स्ड" या शब्दाची किंमत

स्वस्त फर्स्ट स्टेज बहुतेक अनबॅलन्स्ड पिस्टन असते. स्कूबाप्रोची एमके२ इव्हो आणि क्रेसीची एसी२ ही ठळक उदाहरणं. आत हलणारा मुख्य भाग एकच, ओ-रिंग मोजक्या, सर्व्हिस सोपी. तोटा असा की सिलिंडर रिकामं होत आलं की मधला दाब थोडा उतरतो आणि श्वास किंचित जड लागतो. १८ मीटरवर, २८ अंशांच्या पाण्यात, शांतपणे पोहणाऱ्याला तो जाणवतसुद्धा नाही. तीस मीटरवर, प्रवाहाविरुद्ध, दोघं एकाच सिलिंडरवर आणि गेज ५० बारवर, असं सगळं जुळून आलं तर जाणवेल. बॅलन्स्ड फर्स्ट स्टेज सिलिंडरमध्ये २०० असोत की ५०, मधला दाब सारखाच ठेवते. पुढे खोल डायव्हिंग करायचं पक्कं असेल तरच त्याचे जादा पैसे मोजा.

आपल्या किनाऱ्याचं एक वेगळं प्रकरण आहे, ते म्हणजे गाळ. साध्या पिस्टन रेग्युलेटरमध्ये स्प्रिंगच्या कप्प्यात समुद्राचं पाणी थेट शिरतं. तेच पाणी पिस्टनच्या ओ-रिंगपाशी मीठ आणि बारीक रेती सोडून जातं, आणि धुण्यात हयगय झाली की ओ-रिंग ओरखडते. डायफ्राम प्रकारात आतला यंत्रभाग रबरी पडद्यामागे कोरडा राहतो. अॅपेक्सची डीएस४ ही बॅलन्स्ड डायफ्राम आहे. जुनी मिळाली आणि सर्व्हिसची सोय असली तर चांगला सौदा. बाकी गढूळ पाण्यात वारंवार उतरणाऱ्यांनी डायफ्रामकडे झुकावं, वर्षातून दोन सहली करणाऱ्यांनी पिस्टन घेऊन नीट धुवावा.

थंड पाण्यासाठीची सीलबंद आवृत्ती आपल्याकडे लागत नाही. युरोपीय मानक ईएन २५० नुसार थंड पाण्यात तपासणी न झालेल्या रेग्युलेटरवर "१० अंशांपेक्षा जास्त" अशी खूण असते. कोकणात ती खूण पाहून घाबरू नका, स्कॉटलंडात मात्र घाबरा. थंडीत फर्स्ट स्टेज गोठून हवा अखंड सुटू लागते.

सेटमध्ये काय घ्यायचं

पूर्ण सेट म्हणजे फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज, ऑक्टोपस आणि प्रेशर गेज. मुख्य होज (हवेची नळी) साधारण ७०–७५ सेंटिमीटर, ऑक्टोपसची पिवळी ९०–१००. ऑक्टोपस त्याच कंपनीचा साधा घ्या, म्हणजे किट एकाच ठिकाणी मिळतो. बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं, हवा भरायचं जॅकेट) फुगवायची होज बहुधा बीसीडीबरोबर येते. ती दोनदा विकत घेऊ नका. गेज पितळी, काट्याचा, एकटा. होकायंत्र, खोली आणि दाब एकाच लांबलचक कन्सोलमध्ये घेतलं तर ते प्रवाळावर आपटत फिरतं.

होजच्या बाबतीत एक सावधगिरी. नायलॉनचं विणकाम असलेली लवचीक होज हलकी असते, छान वळते, आणि विक्रेते आग्रहाने देतात. तिच्या आत पॉलियुरेथेनची नळी असते. उष्ण, दमट हवेत ती कालांतराने विघटित होऊन आत पिवळट स्फटिक धरू शकते. असे स्फटिक हवेची वाट अडवतात, आणि बाहेरून होज नवीकोरी दिसते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेने याबद्दल सावध केलेलं आहे. बजेट कमी असताना साधी रबरी होजच घ्या. ती खराब होताना टोकाशी भेगा पडून तुम्हाला सांगते तरी.

जुना घ्यायचा तर

निम्म्या किमतीत रेग्युलेटर मिळण्याचा हा खरा मार्ग. कोर्स केला, हौसेने सगळं घेतलं, चार डाइव्ह झाल्या आणि माळ्यावर गेलं, असे सेट पुष्कळ निघतात. विकणारा म्हणतो, "काही झालेलं नाही, वापरलाच नाही." न वापरलेल्या पाच वर्षांतही ओ-रिंग सुकते आणि सीटवर खाच पडते. त्यामुळे सांगितलेल्या किमतीतून पूर्ण सर्व्हिसचा खर्च वजा करूनच बोलायला सुरुवात करा.

पहिली नजर फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या फिल्टरवर. धुळीचं टोपण काढा आणि मोबाइलचा टॉर्च मारून बघा. चकचकीत धातूचा रंग असेल तर उत्तम. हिरवट दिसला तर आत खारं पाणी गेलेलं आहे: कोणीतरी टोपण न लावता बादलीत बुडवला. तांबूस भुकटी म्हणजे गंजलेल्या पोलादी सिलिंडरची. राखाडी-पांढरी म्हणजे ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधली. काळपट, तेलकट दिसलं तर ती हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची करामत; सौदा तिथेच थांबवा. हिरवा फिल्टर घासून चकाकवलेला असू शकतो, म्हणून नंतर त्याच्या कडाही बघा.

मग पुढची तपासणी, याच क्रमाने:

१. फर्स्ट स्टेजचं टोपण घट्ट दाबून धरा, सेकंड स्टेज तोंडात घेऊन हळू श्वास ओढा. हवा मुळीच येता कामा नये, जीभ चिकटल्यासारखी ओढ लागली पाहिजे. हवा आली तर पडदा फाटला आहे किंवा श्वास सोडायचा रबरी पाकळीसारखा व्हॉल्व्ह दुमडला आहे. अशा फटीतून पाण्याखाली घोटभर पाणी येतं. ऑक्टोपसवरही हेच करा.

२. दाब नसताना गेजचा काटा शून्यावर आहे ना ते बघा. ५ किंवा १० दाखवत असेल तर गेज बाद.

३. भरलेल्या सिलिंडरला जोडा. गेजची काच स्वतःपासून आणि इतरांपासून दुसरीकडे वळवा, व्हॉल्व्ह सावकाश उघडा.

४. बीसीडीच्या होजला मधला दाब मोजायचं छोटं गेज लावा. हे स्वस्त असतं, तंत्रज्ञाकडे असतंच, आणि जुना माल बघायला जाताना ते उसनं न्यायला लाजू नका. सेकंड स्टेजच्या तोंडावरचं, हाताने हवा सोडायचं पर्ज बटण चार-पाच वेळा दाबून सोडा. काटा क्षणभर उतरून परत मॉडेलच्या ठरलेल्या दाबावर आला पाहिजे, आणि पाच मिनिटं तिथेच राहिला पाहिजे. तो हळूहळू चढत राहिला तर फर्स्ट स्टेजमधली हाय प्रेशर सीट गेली आहे. तो जादा दाब शेवटी सेकंड स्टेज उघडतो आणि ती आपोआप फुसफुसायला लागते. लोक मग सेकंड स्टेजला दोष देतात.

५. व्हॉल्व्ह बंद करून गेजचा आकडा लक्षात ठेवा. दहा मिनिटांत काटा उतरला तर कुठेतरी गळती आहे.

६. व्हॉल्व्ह पुन्हा उघडून सगळं पाण्याच्या टबात बुडवा. होजच्या टोकापाशी आणि गेजच्या मानेशी बुडबुडे शोधा. गेजच्या मानेत दोन बारीक ओ-रिंगांची कांडी असते. तिथली गळती क्षुल्लक खर्चात जाते. फर्स्ट स्टेजच्या अंगातून बुडबुडे आले तर ते सर्व्हिसचं काम.

७. सेकंड स्टेज माउथपीस वर करून, पर्जचं बटण खाली ठेवून, हळूहळू पाण्यात न्या. पडदा साधारण तीन-चार सेंटिमीटर बुडाला की हवा सुटायला लागली पाहिजे. पाण्याला टेकताच सुटली तर फार नाजूक लावलेली आहे. बरीच खोल जाऊनही सुटली नाही तर श्वास ओढायला जड जाणार. सुटलेली हवा माउथपीस खाली केल्यावर थांबते, तो दोष नव्हे.

शेवटी बॉडीवरचा सीरियल नंबर आणि सीई ही युरोपीय मानकाची खूण बघा, मॉडेलचं नाव तंत्रज्ञाला कळवून किट अजून निघतो का ते विचारा, आणि मगच पैसे द्या. माउथपीस मात्र चालू असला तरी बदला. काहीशे रुपयांचं काम. केबल टाय घट्ट बसवा, नाहीतर रेग्युलेटर हातात आणि माउथपीस दातांत अशी पाळी पाण्याखाली येते.

हे मात्र घेऊ नका

ऑनलाइन दुकानांत अर्धा लिटरची छोटी बाटली आणि तिच्या टोकालाच बसवलेला रेग्युलेटर दिसतो, "कुठेही डायव्हिंग" म्हणून. हिशोब करा. ०.५ लिटर गुणिले २०० बार म्हणजे १०० लिटर हवा. घाबरलेला नवशिका मिनिटाला २० लिटर सहज घेतो, म्हणजे पृष्ठभागावर पाच मिनिटं. १० मीटरवर दाब दुप्पट, वेळ अडीच मिनिटं. बऱ्याच बाटल्यांचा सुटा भाग मिळत नाही, आणि हातपंपाने भरलेली हवा किती कोरडी, किती स्वच्छ, हे कोणी तपासत नाही. सीरियल नंबर नाही, कंपनीचं मॅन्युअल नाही, "स्कूबाप्रोसारखाच" असं सांगून विकला जाणारा रेग्युलेटरही याच रांगेतला.

घरी आणल्यावर

नवीन असो वा नुकतीच सर्व्हिस झालेला, पहिली डाइव्ह पाच-सहा मीटरची करा. नव्या सीटला बसायला थोडा वेळ लागतो आणि मधला दाब किंचित हलतो. वीसेक वेळा पर्ज दाबून झाल्यावर तो पुन्हा मोजून घेतला तर उत्तम.

प्रत्येक दिवसाअखेर: सिलिंडरमधल्या हवेनेच टोपण फुंकून कोरडं करा, लावा, मग गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा. भिजताना पर्ज बटणाला हात लावायचा नाही. बटण दाबलं की सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये उतरतं. बोटीवरच्या सामायिक बादलीत, जिथे दहा जणांची सामग्री एकमेकांवर पडलेली असते, तिथे हे आपोआप घडतं. म्हणून आपला रेग्युलेटर घरी किंवा खोलीवर नळाखाली धुवा. पिस्टनवाल्यांनी फर्स्ट स्टेजच्या भोकांतून पाण्याची धार सोडावी.

जूनपासून आपल्या किनाऱ्यावर डायव्हिंग बंद होतं आणि रेग्युलेटर चार महिने कपाटात जातो. पूर्ण वाळवून, होजांची मोठी वेटोळी करून, बंद पिशवीत सिलिका जेलबरोबर ठेवा. उघडा टांगला तर झुरळं रबर कुरतडतात आणि कुंभारीण माशी श्वास सोडायच्या तोंडात मातीचं घर बांधते. विजेच्या मोटरजवळ ठेवू नका, तिथल्या ओझोनने रबर तडकतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला बाहेर काढून टोपण दाबून श्वास ओढायची ती पहिली चाचणी करा. काही खटकलं तर त्याच आठवड्यात तंत्रज्ञाकडे द्या; ऑक्टोबरात त्याच्या टेबलावर अख्ख्या किनाऱ्याचे रेग्युलेटर पडलेले असतात.